भिंतभर व्हॅन गॉग: नागपुरात इमर्सिव्ह प्रदर्शन मांडताना

इमर्सिव्ह प्रदर्शन म्हणजे प्रेक्षकाला वेढून टाकेल एवढं मोठं चित्र प्रोजेक्टरने भिंतीवर दाखवणं. असं भिंतभर फेकलेलं चित्र म्हणजे चित्र की नुसता लाइट शो, या वादाचं अर्धं उत्तर मांडणीतच असतं. शाळेच्या किंवा मंडळाच्या हॉलमध्ये असं प्रदर्शन लावायचं तर प्रोजेक्टर ठरवण्याआधी मूळ चित्राचं माप बघा.

व्हॅन गॉगचं १८८९ सालचं सायप्रेसची (सुरूसारखी उंच) झाडं आणि गव्हाचं शेत असलेलं चित्र न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयात आहे. माप ७३.२ × ९३.४ सेंमी, मोठी फाइल संग्रहालयाच्या साइटवर मोफत मिळते. १६:९ च्या (रुंदी १६ तर उंची ९ अशा प्रमाणाच्या) प्रोजेक्टरने ४ मीटर रुंद, २.२५ मीटर उंच भिंत पूर्ण भरायला गेलात, तर चित्राचा २८ टक्के भाग वरून-खालून कापला जातो. आभाळ तरी जातं, नाही तर शेत. कापू नका. उंचीत बसवा, चित्र २.८७ मीटर रुंद येईल. बाजू काळ्या राहू द्या.

एवढ्या भिंतीवर फुल एचडीचा एकेक पिक्सेल २ मिमीचा होतो आणि ६-७ मीटरच्या आत उभ्या माणसाला दाणे दिसतात. फोर-केवर हेच अंतर साधारण साडेतीन मीटरवर येतं. प्रोजेक्टर किती लांब ठेवायचा? थ्रो रेशो (अंतर प्रतिमेच्या रुंदीच्या किती पट, हा मशीनचा आकडा) गुणिले रुंदी. १.५ चा असेल तर ६ मीटर, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सावल्या थेट चित्रावर. ०.५ चा शॉर्ट थ्रो, म्हणजे जवळून मोठं चित्र फेकणारा, २ मीटरवर, उंच टांगा. भिंतीला मॅट रंगच हवा. ऑइल पेंट मधोमध चकाकतो.

एकच चित्र दोन प्रोजेक्टर शेजारी-शेजारी जोडून फेकताना १५-२० टक्के ओव्हरलॅप ठेवा. काळ्या दृश्यात तिथे राखाडी पट्टा दिसतो, कारण प्रोजेक्टर खरा काळा देतच नाही आणि तिथे दोघांचा उजेड एकत्र पडतो. ब्लॅक लेव्हल, म्हणजे काळ्यातला हा उरलेला उजेड, सगळीकडे सारखा जुळवा.

नागपूरचा उन्हाळा ही वेगळीच गोष्ट. बऱ्याच प्रोजेक्टरांची मर्यादा ४० अंश, आणि छताजवळ हवा आणखी तापते. कूलरचा झोत मशीनवर येऊ देऊ नका, ओलसर हवेने फिल्टरवर धूळ चिकटून बसते. एसी नसेल तर प्रदर्शन डिसेंबरातच ठेवा.

हक्कांचंही बघा. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. राजा रविवर्मा (मृत्यू १९०६), अमृता शेरगिल (मृत्यू १९४१) मोकळे. नागपूरच्या चित्रशाळेत शिकलेले चित्रकार सय्यद हैदर रझा २०१६ मध्ये गेले, त्यांच्यासाठी २०७६ संपेपर्यंत लेखी परवानगी लागेल.

चित्रातली झाडं अ‍ॅनिमेशनने हलवायचा मोह होतोच. हलवलीत तर आधी दोन मिनिटं चित्र स्थिर दाखवा. आणि दाराशी मूळ मापाची रिकामी चौकट लावा. शेजारी कॅनव्हासच्या तुकड्यावर ऑइल कलरचा जाड थर सुरीने लावून त्यावर बाजूने दिवा सोडा. प्रेक्षक इकडेतिकडे सरकला की त्या रंगाच्या कडांवरची चमकही सरकते. भिंतीवरच्या प्रतिमेत ती फोटो काढताना होती तिथेच गोठलेली असते.