ग्रंथपालांकडे एन-लिस्टचं लॉगिन मागा

प्रोजेक्टची तारीख तोंडावर आली की आपण गुगलवर मिळेल ते उचलतो. त्याआधी एकदा कॉलेजच्या ग्रंथपालांना गाठा आणि विचारा, "सर, एन-लिस्टचं लॉगिन मिळेल का?"

एन-लिस्ट म्हणजे कॉलेजांसाठीची ऑनलाइन वाचनसेवा. विद्यापीठं आणि कॉलेजांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ती आहे. कॉलेज तिचं सभासद असेल, तर ६,०००हून जास्त जर्नल आणि लाखभराहून जास्त ई-पुस्तकं घरबसल्या वाचता येतात. वर्गणी कॉलेज भरतं, त्यामुळे तुम्हाला वेगळे पैसे पडत नाहीत. पण लॉगिन आपोआप येत नाही. नाव ग्रंथपालच नोंदवतात, म्हणून आयकार्ड आणि ई-मेल पत्ता बरोबर न्या. आणि ऐन परीक्षेच्या आठवड्यात जाऊ नका, तेव्हा काउंटरवर नो ड्यूजची रांग असते.

जाताना विषय नेमका करून जा. "शेतीवर काहीतरी हवंय" म्हणालात, तर समोरचा माणूस तरी काय देणार? "लासलगावच्या कांदा लिलावावर, २०१०नंतरचं" असं म्हटलंत, की शोधायला धागा मिळतो.

कॉलेज सभासद नसेल, तर शोधगंगा, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या पीएच.डी. प्रबंधांचं ऑनलाइन भांडार, आहेच. ती सगळ्यांना मोफत आहे आणि तिथे मराठीतले प्रबंधही सापडतात. अख्खा प्रबंध वाचायची गरज नाही. प्रकरणांच्या वेगवेगळ्या पीडीएफ असतात, त्यातली संदर्भसूची आधी उघडा. मी तरी प्रस्तावनेच्या वाटेला जातच नाही. सूचीतली कामाची चार-पाच नावं कागदावर उतरवून तोच कागद पुन्हा ग्रंथपालांपुढे ठेवा.