दिनविशेष लिहिताय? तारखांच्या या चुका टाळा

शाळेच्या परिपाठातला दिनविशेष, सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी पडणारा मेसेज, स्पर्धा परीक्षेच्या क्लासमधली झेरॉक्स, कार्यक्रमात निवेदकाने म्हटलेली पहिली ओळ. सगळा मजकूर बहुतेक वेळा कुठल्या तरी एकाच यादीतून उचललेला असतो. त्या यादीत चूक असली, तर ती दरवर्षी त्याच तारखेला इमानेइतबारे परत येते.

१४ फेब्रुवारीचा मेसेज सगळ्यांच्या ओळखीचा आहे: ‘आज भगतसिंगांना फाशी झाली आणि तुम्ही व्हॅलेंटाइन साजरा करताय?’ भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना फाशी झाली २३ मार्च १९३१ रोजी, लाहोरमध्ये. शिक्षा सुनावली गेली ७ ऑक्टोबर १९३० रोजी. यातली एकही तारीख १४ फेब्रुवारी नाही. पण ही चूक सोपी म्हणायची, कारण एक तारीख खोटी आणि दुसरी खरी. जिथे दोन्ही तारखा खऱ्या असतात आणि तरी जुळत नाहीत, तिथे खरी दमछाक होते.

पानिपत आणि संक्रांत

‘ऐन संक्रांतीच्या दिवशी पानिपतावर मराठ्यांवर संक्रांत कोसळली.’ वाक्य ऐकायला भारदस्त आहे आणि दर जानेवारीत भाषणांतून येतं. लढाईची तारीख १४ जानेवारी १७६१ ही बरोबर आहे. वार बुधवार, तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. चूक आहे ती संक्रांतीची. आपण संक्रांत १४ जानेवारीला करत आलो, म्हणून ती पेशवाईतही त्याच तारखेला होती असं गृहीत धरलं जातं.

संक्रांत ही सूर्याच्या निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या, मकरप्रवेशाशी बांधलेली आहे. हे निरयन वर्ष आपल्या नेहमीच्या कॅलेंडरच्या, म्हणजे ग्रेगोरियन, वर्षापेक्षा साधारण २० मिनिटांनी मोठं आहे, त्यामुळे सत्तर-बहात्तर वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. हल्ली ती अधूनमधून १५ जानेवारीला येते ती यामुळेच. मागे गेलात तर उलटं: स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी संक्रांत होती. त्याच्याही शंभर वर्षं आधी, १७६१ मध्ये, ती १० जानेवारीच्या आसपास होऊन गेली होती. म्हणजे लढाईच्या दिवशी तिळगूळ वाटून तीन-चार दिवस झाले होते. (छावणीतली उपासमार पाहता तिळगूळ कुणाला मिळाला असेल, हा प्रश्न वेगळा.)

तेव्हा १४ जानेवारीच्या पानावर पानिपत १७६१ लिहा, मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ लिहा, आणि संक्रांतीसाठी मात्र यंदाचं कॅलेंडर उघडून बघा.

शिवकालीन तारखा: अर्धवट दुरुस्ती सगळ्यात वाईट

शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३०. कुणीतरी हुशार मुलगा उठून म्हणतो, ‘पण सर, इंटरनेटवर १ मार्च दिलंय.’ सर गडबडतात. गडबडायचं कारण नाही, दिवस एकच आहे. १९ फेब्रुवारी ही त्या काळी इंग्रज वापरत असलेल्या ज्युलियन कॅलेंडरातली तारीख, १ मार्च ही आजच्या ग्रेगोरियन पद्धतीची.

हे घरबसल्या पडताळता येतं. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या जुन्या घटना-नोंदींत, जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, वार शुक्रवार अशी आहे. ग्रेगोरियन कॅलेंडर दर ४०० वर्षांनी वारांसकट जसंच्या तसं परत येतं, कारण ४०० वर्षांत १,४६,०९७ दिवस होतात आणि त्याला सातने पूर्ण भाग जातो. म्हणून १६३० साठी फोनमध्ये २०३० उघडा. १९ फेब्रुवारीला मंगळवार दिसेल, १ मार्चला शुक्रवार. वार जुळला तो १ मार्चशी. म्हणजेच १९ फेब्रुवारी ही जुन्या पद्धतीची तारीख.

मग जयंती १ मार्चला करायची का? मुळीच नाही. सरकारने आणि समाजाने १९ फेब्रुवारी स्वीकारली आहे, तीच लिहावी. शिवकालाच्या बहुतेक प्रचलित तारखा याच जुन्या पद्धतीच्या आहेत: राज्याभिषेक ६ जून १६७४, महाराजांचं निधन ३ एप्रिल १६८०. गोंधळ तेव्हा होतो, जेव्हा उत्साही माणूस जन्मतारीख ‘दुरुस्त’ करून १ मार्च करतो आणि बाकीच्या तशाच ठेवतो. मग प्रत्येक प्रसंगी महाराजांचं वय दहा दिवसांनी ढळतं. बदलायच्या तर सगळ्या बदला, नाहीतर एकीलाही हात लावू नका. पसंती विचाराल तर मी जुन्याच ठेवीन आणि शेजारी तिथी लिहीन.

राज्याभिषेकात आणखी एक गंमत आहे. शकावली म्हणते ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवार, आणि इंग्रजी तारखेचा वार निघतो शनिवार. दोन्ही बरोबर. महाराज सिंहासनावर बसले तेव्हा तीन घटका, म्हणजे ७२ मिनिटं, रात्र उरली होती. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून तो अजून शुक्रवार. इंग्रजांचा मध्यरात्रीच बदलून गेला होता. पहाटेची घटना असली की वारावरून तारीख खोटी ठरवण्याची घाई करू नये.

तानाजी मालुसरे पडले ती सिंहगडची रात्र बघा. माघ वद्य नवमी, शके १५९१. आपण लिहितो ४ फेब्रुवारी १६७०. पण त्या काळी इंग्रजांचं सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे त्यांच्या कागदात याच दिवसाला ४ फेब्रुवारी १६६९ पडेल. पोर्तुगालने ग्रेगोरियन कॅलेंडर १५८२ मध्येच स्वीकारलं होतं, तेव्हा गोव्याच्या हिशेबाने तो दिवस १४ फेब्रुवारी १६७०. तानाजी एकदाच पडले. कागद तीन तऱ्हेने बोलतात.

इथेच शकाचा हिशेबही चुकतो. ‘शकात ७८ मिळवा’ हे आपण शाळेत शिकतो, पण ते चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच चालतं. जानेवारी उजाडला की गुढीपाडव्यापर्यंत ७९ मिळवायचे. १५९१ मध्ये ७८ मिळवलेत तर तानाजी वर्षभर आधी धारातीर्थी पडतील.

घटना नेमकी कोणती?

२८ फेब्रुवारीला फळ्यावर ‘सी. व्ही. रामन यांचा जन्मदिवस’ लिहिलेलं असतं. राष्ट्रीय विज्ञान दिन हा १९२८ मधल्या रामन परिणामाच्या शोधाचा दिवस आहे. रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा. त्याच ७ नोव्हेंबरला १८६७ साली मेरी क्युरी जन्मल्या आणि १९०० साली बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं, म्हणून महाराष्ट्रात तो विद्यार्थी दिवस. इतकं भरलेलं पान वर्षात क्वचित मिळतं, आणि आपण रामन यांना तिथून उचलून फेब्रुवारीत बसवतो.

६ जानेवारी ही बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ हे वृत्तपत्र सुरू झाल्याची तारीख, साल १८३२. त्यावर जांभेकरांचा वाढदिवस परस्पर चिकटवू नये. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस आणि मराठी भाषा गौरव दिन. राजभाषा दिन १ मे रोजी असतो. शुभेच्छांच्या बॅनरवर ही गल्लत दरवर्षी होते, आणि बॅनर लावणाऱ्यांत मराठीचे कैवारीही असतात.

‘एकाच दिवशी’ म्हणताना

लोकमान्य टिळक गेले १ ऑगस्ट १९२० रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, मुंबईत सरदारगृहात. अण्णा भाऊ साठे जन्मले १ ऑगस्ट १९२० रोजी, वाटेगावात. असहकाराची चळवळही त्याच दिवशी सुरू झाली. इथे दिवस, महिना, साल तिन्ही एक आहे, म्हणून ‘एकाच दिवशी’ हे शब्द शोभतात. टिळक आणि चंद्रशेखर आझाद यांचा जन्मदिवस २३ जुलै, पण सालं १८५६ आणि १९०६. तिथे ‘एकाच तारखेला’ म्हणा. अमेरिकेतलं उदाहरण फार नेटकं आहे: जॉन अॅडम्स आणि थॉमस जेफरसन हे दोन माजी राष्ट्राध्यक्ष ४ जुलै १८२६ रोजी, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं होताना, काही तासांच्या अंतराने वारले. जेम्स मन्रो पुढे १८३१ मध्ये त्याच तारखेला गेले. तो योगायोग खरा, पण त्याला ‘एकाच दिवशी तीन राष्ट्राध्यक्ष’ करू नका.

आणि शेक्सपिअर व स्पॅनिश लेखक सर्व्हान्तेस ‘एकाच दिवशी’ वारले, हे जागतिक पुस्तक दिनाचं आवडतं वाक्य. दोघांच्या नावापुढे २३ एप्रिल १६१६ आहे खरं. पण इंग्लंड तेव्हा ज्युलियन आणि स्पेन ग्रेगोरियन पाळत होतं, म्हणजे मध्ये दहा दिवसांचं अंतर. शिवाय सर्व्हान्तेसची २३ ही दफनाची तारीख आहे.

दोन पुस्तकांत दोन तारखा सापडल्या तर

आधी फरक मोजा. बहुतेक वेळा फरकच कारण सांगतो.

दहा दिवसांचा फरक असेल आणि साल १५८२ ते १७०० मधलं असेल, तर जुनं-नवं कॅलेंडर. १७०० च्या मार्चपासून हाच फरक अकरा दिवसांचा होतो. वसई चिमाजी अप्पांच्या हाती आली त्याच्या १२ मे आणि २३ मे १७३९ अशा दोन तारखा मिळतात, त्यांचं कोडं असं सुटतं. इंग्रजांनी १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर मोजला आणि कॅलेंडर बदललं. त्यापुढच्या इंग्रजी तारखांना हा नियम लावू नका. रशिया मात्र जुन्यावरच राहिला. तिथे एकोणिसाव्या शतकात फरक बारा दिवसांचा, विसाव्यात तेरा, म्हणून ‘ऑक्टोबर’ क्रांती २५ ऑक्टोबरची आणि ७ नोव्हेंबरचीही.

बरोबर एका वर्षाचा फरक आणि महिना जानेवारी ते मार्च, तर इंग्रजांचं जुनं वर्ष किंवा शकाचे ७८-७९ तपासा.

महिना वेगळा पण पक्ष वद्य आणि तिथी तीच असेल, तर एक यादी उत्तरेकडची आहे. आपली श्रावण वद्य अष्टमी तिकडे भाद्रपद कृष्ण अष्टमी होते, आणि जन्माष्टमी दोघांची एकाच दिवशी येते.

एका दिवसाचा फरक आला की घटनेची वेळ बघा. नील आर्मस्ट्राँगचं पाऊल अमेरिकेत २० जुलै १९६९ च्या रात्री पडलं, भारतात २१ जुलैची सकाळ होती. पर्ल हार्बर हवाईत ७ डिसेंबरला, जपानमध्ये ८ ला. पाकिस्तानचं १४ ऑगस्ट मात्र घड्याळाचं प्रकरण नाही. ब्रिटिश कायद्यात दोन्ही देशांसाठी १५ ऑगस्टच होती, आणि पाकिस्तानच्या १९४८ च्या टपाल तिकिटांवरही १५ ऑगस्ट १९४७ छापलं आहे. १४ हा नंतरचा निर्णय.

दिवस आणि महिना दोन्ही बाराच्या आतले असतील, तर अदलाबदल झाली का पाहा. अमेरिकन लोक महिना आधी लिहितात. ९/११ म्हणजे ११ सप्टेंबर २००१. ९ नोव्हेंबरच्या पानावर जायचा मान बर्लिनच्या भिंतीचा, साल १९८९.

यातलं काहीच लागू पडत नसेल तर मूळ तिथी आणि वार शोधा, जंत्रीत (तिथी, वार आणि इंग्रजी तारखा जुळवून देणाऱ्या कोष्टकात) लावून पाहा. वार जुळला नाही, तर ती ओळ यंदा फळ्यावर घेऊ नका.