शिकायची गोडी लावायचीये? आधी घरचं विचारा

रविवारी अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्र (म्हणजे समोरासमोरचा वर्ग) घेणाऱ्या नव्या समंत्रकांसाठी, म्हणजे तिथे शिकवणाऱ्यांसाठी लिहितोय. मुक्त विद्यापीठाच्या (नाशिकचं, १९८९ पासूनचं) वर्गात विशीतला पोरगा, चाळिशीतल्या ताई आणि रिक्षावाले काका एकाच बाकावर असतात, त्यामुळे "आयुष्यभर शिकत राहा" असं सगळ्यांना एकच भाषण ठोकलंत तर अर्धा वर्ग चहाला जाणार हे नक्की.

पहिल्या दिवशी "शिकायची आवड आहे का" हे विचारूच नका, सगळे हो म्हणतात. गेल्या वर्षभरात कॉलेजबाहेर काय शिकलात, कोणाकडून, कशासाठी, ते विचारा. आमचे एक काका म्हणाले, "काही नाय सर, आपलं डोकं चालत नाय", आणि पाचच मिनिटांनी सांगत होते की यूट्यूब बघून बाईकचा कार्ब्युरेटर खोलला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमला. घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नसलं की पुस्तकातलं तेवढंच शिक्षण असं डोक्यात बसतं हो. त्यांना फळ्याशी बोलवा, काय अडलं, कुठे शोधलं, बरोबर झालं हे कसं कळलं ते लिहून घ्या, आणि पुढचा स्वाध्याय अगदी त्याच पायऱ्यांनी सोडवायला लावा.

शिक्षकांच्या, नोकरदारांच्या मुलांचं बऱ्याचदा उलटं. घरात पुस्तकं, लॅपटॉप, सगळं आहे, पण पहिला प्रश्न "सर, हे परीक्षेला येणारे का?" यांना बिनमार्कांचं काम द्या, म्हणजे बँकेत जाऊन कर्जाचा हप्ता कसा काढतात ते विचारून या आणि वर्गाला समजवा. कुरकुर करतील, करू द्या.

ताईंना फक्त घरातून मोकळ्या कधी होता एवढं विचारा, बाकी त्या बघून घेतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली पोरं गैरहजर दिसली म्हणून लगेच "इंटरेस्ट नाही" असा शिक्का मारू नका, हे मी स्वतः केलंय, म्हणून सांगतोय. दसरा-दिवाळीच्या सुमाराला घरच्यांबरोबर कारखान्याकडे गेली की ती मार्च-एप्रिललाच परत येतात. निघायच्या आधी बसून ठरवा, आठवड्याला एकच प्रकरण, शंका कोणाला पाठवायची, पुस्तक कोणाचं न्यायचं. आणि व्हिडिओ नका पाठवू, कोपीवर, म्हणजे तोडीच्या ठिकाणच्या झोपडीत, चार्जिंगचे वांदे असतात. दहा मिनिटांची ऑडिओ क्लिप टाका, दिवसभर मोळ्या बांधून झाल्यावर रात्री पडल्या पडल्या ऐकतात.