रिक्वेस्ट गेल्यानंतर आणि उत्तर येण्यापूर्वी

नागपूरच्या आयटी पार्कमध्ये फ्रंटएंडचे, म्हणजे वेबपानाच्या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भागाचे, काम करताना नव्याने रुजू होणाऱ्यांचा कोड तपासण्याची जबाबदारी माझ्याकडे असते. ‘असिंक’ आणि ‘अवेट’ हे उत्तराची वाट पाहण्यासाठीचे जावास्क्रिप्टमधले शब्द बहुतेकांना लिहिता येतात. परंतु सर्व्हरकडे रिक्वेस्ट, म्हणजे मागणी, गेल्यापासून उत्तर येईपर्यंतच्या मधल्या काळात काय काय घडू शकते, याचा विचार फारसा केलेला नसतो. अभ्यासाचा मोठा वाटा या मधल्या काळाला द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

पान पुन्हा लोड न करता सर्व्हरशी बोलण्याची सोय इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत १९९९ मध्ये आली, या तंत्राला ‘एजॅक्स’ हे नाव २००५ मध्ये रूढ झाले आणि ‘असिंक-अवेट’ २०१७ च्या जावास्क्रिप्ट मानकात आले. लिहिण्याची पद्धत सोपी होत गेली, मूळ अडचणी मात्र तशाच राहिल्या.

‘अवेट’मुळे थांबते ते केवळ ते फंक्शन, पान थांबत नाही आणि वापरणाराही थांबत नाही. शहरातील वस्ती शोधण्याची चौकट घ्या. वापरणाऱ्याने ‘ध’ लिहिले, लगेच ‘धर’ केले, आणि दोन रिक्वेस्ट गेल्या. ‘धर’चे उत्तर आधी आले व यादीत धरमपेठ दिसले, मग रेंगाळलेले ‘ध’चे उत्तर आले आणि चौकटीत ‘धर’ असतानाही यादीत धंतोली उगवली. कोडमध्ये कुठेही एरर नाही, तरी पडद्यावरची माहिती चुकीची आहे. नवी रिक्वेस्ट पाठवताना जुनी ‘अ‍ॅबॉर्ट कंट्रोलर’ या ब्राउझरमधल्या सोयीने रद्द करावी, किंवा प्रत्येक रिक्वेस्टला क्रमांक देऊन शेवटच्या क्रमांकाचेच उत्तर स्वीकारावे. टायपिंग थांबेपर्यंत थोडे थांबून रिक्वेस्ट पाठवणे चांगलेच, पण त्याने रिक्वेस्टची संख्या घटते, उत्तरांच्या क्रमाची हमी मिळत नाही.

दुसरी बाब ‘फेच’ची, म्हणजे रिक्वेस्ट पाठवणाऱ्या जावास्क्रिप्टमधल्या फंक्शनची. सर्व्हरने ४०४ (पान सापडले नाही) किंवा ५०० (सर्व्हरमध्येच बिघाड) हा क्रमांक पाठवला तरी ‘फेच’च्या दृष्टीने उत्तर मिळालेले असते, त्यामुळे एरर पकडणाऱ्या ‘कॅच’मध्ये काहीच येत नाही, उत्तर यशस्वी आहे का हे सांगणारे ‘रिस्पॉन्स डॉट ओके’ स्वतः तपासावे लागते. ते न तपासता थेट जेसन (माहिती पाठवण्याचा ठरावीक मजकूर-साचा) वाचायला गेल्यास, आणि सर्व्हरने एररचे एचटीएमएल पान पाठवलेले असल्यास, ब्राउझरच्या कन्सोलवर अनपेक्षित टोकनची, म्हणजे साच्यात न बसणाऱ्या चिन्हाची, तक्रार दिसते आणि नवखा माणूस जेसनमध्ये दोष शोधत बसतो.

पैसे भरण्याच्या किंवा अर्ज पाठवण्याच्या रिक्वेस्टला याहून अधिक जपावे लागते. ब्राउझरने वाट पाहणे सोडले म्हणून सर्व्हरवरचे काम थांबले, असे समजू नये. नोंद कदाचित झालेलीही असेल. म्हणून बटण तात्पुरते बंद करणे पुरेसे नाही. प्रत्येक व्यवहारासोबत एक वेगळी ओळख-किल्ली पाठवावी आणि तीच किल्ली पुन्हा आली तर सर्व्हरने दुसरी नोंद न करता पहिलेच उत्तर परत द्यावे. हे ठरवण्यासाठी बॅकएंडच्या, म्हणजे सर्व्हरचे काम पाहणाऱ्या, सहकाऱ्यांशी सुरुवातीलाच बसून बोलावे लागते.

आपल्या लॅपटॉपवरचा सर्व्हर क्षणात उत्तर देतो, त्यामुळे यातले काहीच दिसत नाही. काटोलच्या संत्राबागेत मोबाइलवर तेच पान उघडणाऱ्याला मात्र सगळे दिसते. यासाठी नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनात) एक छोटा सर्व्हर लिहावा, जो प्रत्येक उत्तर शंभर मिलिसेकंद ते तीन सेकंद असे मनाला येईल तितके लांबवेल आणि अधूनमधून ५०० पाठवेल. आपले पान त्याला जोडून, ब्राउझरमधला रिक्वेस्ट दाखवणारा नेटवर्क टॅब उघडा ठेवून, भराभर टाइप करावे, आणि कोणती रिक्वेस्ट आधी गेली व कोणते उत्तर आधी आले, हे एकेक ओळ पाहून ताडून घ्यावे.