उत्तर जुळलं नाही म्हणून लगेच काट मारू नका

बारावीत इंटिग्रेशनच्या धड्याशी येऊन अडलेल्यांसाठी हे लिहितोय.

गणित सोडवायचं, पुस्तकामागचं उत्तर बघायचं, जुळलं नाही की अख्ख्या पानावर काट मारायची, ही माझी पद्धत. एका रात्री साइन एक्स गुणिले कॉस एक्सचं इंटिग्रेशन तीनदा केलं. तिन्ही वेळा आलं साइन स्क्वेअर एक्स भागिले 2. मागे छापलेलं उणे कॉस टू एक्स भागिले 4. रडकुंडीला आलो. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या वहीत तिसरंच काहीतरी: उणे कॉस स्क्वेअर एक्स भागिले 2.

कोण बरोबर, ते सरांनी सांगितलंच नाही. म्हणाले, तिन्ही डिफरन्शिएट करा, म्हणजे इंटिग्रेशनची उलटी क्रिया. तिन्हींतून साइन एक्स कॉस एक्सच परत आलं! माझ्या आणि पुस्तकाच्या उत्तरात फरक होता फक्त पावचा, आणि तो पाव उत्तराशेवटच्या ‘अधिक सी’मध्ये मावतो; सी म्हणजे एक्स नसलेला कोणताही आकडा. तोवर सी मी केवळ मार्क कापू नयेत म्हणून लिहायचो.

म्हणून उत्तर जुळलं नाही तर आधी दोन्हींची वजाबाकी करा. एक्स उडून नुसता आकडा उरला, तर दोन्ही उत्तरं एकच. सीईटीत गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे, तिथे एवढा वेळ नसतो. मग एक्सला 0 आणि 90 अंश देऊन उत्तर किती वाढलं ते बघा. माझं 0 वरून अर्ध्यावर जातं, पुस्तकाचं उणे पाववरून अधिक पाववर. वाढ सारखीच. वाढ वेगळी निघाली तर तो पर्याय बाद. सारखी निघाली तरी खात्री डिफरन्शिएट केल्यावरच.

पण म्हणून आलेलं प्रत्येक उत्तर चालतं असं नाही. घटक चाचणीत माझे मार्क इथेच गेले: एक्स अधिक 7 चं वर्गमूळ बरोबर एक्स उणे 5. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की 2 आणि 9 मिळतात. मी दोन्ही लिहून मोकळा झालो. 2 मूळ समीकरणात घालून बघा: डावीकडे 3, उजवीकडे उणे 3. वर्ग करताना चिन्ह पुसलं जातं आणि 2 आत शिरतो. खरं उत्तर एकच, 9.

हल्ली धाकट्या भावाचा अभ्यास मी घेतो. त्याचं उत्तर जुळलं नाही की पुस्तकातलं उत्तर शेजारी लिहायला लावतो आणि मधे वजाचं चिन्ह काढून देतो.