एकाच बागेची व्हाईट वाइन: मण्यात पाणी उतरल्यापासून तोडणीपर्यंत

एकाच बागेच्या नावाने बाटलीत जाणाऱ्या व्हाईट वाइनला दुसऱ्या बागेच्या मालाचा आधार नसतो. उन्हाने आम्लता उतरली तर दुसरीकडची आंबट द्राक्षे मिसळून ती सावरता येत नाही. म्हणून मण्यात पाणी उतरले, म्हणजे मणी मऊ पडून पिकू लागले, की बागेकडे रोज लक्ष हवे.

घडाजवळची पाने सकाळचे ऊन येते त्या बाजूनेच विरळ करा. हवा खेळली की भुरी (पांढरी बुरशी) आणि घडकूज आटोक्यात राहते. दुपारच्या बाजूची पाने मात्र राहू द्या. घड तापला की द्राक्षाला आंबटपणा देणारे मॅलिक आम्ल झपाट्याने घटते. पाणी बेताने द्या. भरमसाट दिले तर मणी तडकतात, पाणी एकदम बंद केले तर पाने वाळून गोडी भरायची थांबते.

खरी चूक होते ती पिकणे तपासायला मण्यांचा नमुना घेताना. हात आपोआप चांगल्या, डोळ्यांसमोरच्या घडाकडे जातो आणि ब्रिक्स (रसातल्या साखरेचे माप) जास्त दिसतो. बांधाकडच्या ओळी आणि ओळीच्या टोकाचे वेल सोडा. ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या वरून, मधून, खालून असे 100 ते 200 मणी घ्या. सगळे चुरगळा आणि एकत्र रसाचे माप घ्या. वेळ दर खेपेला सकाळची, तीच. सुरुवातीला आठवड्यातून एकदा, तोडणी जवळ आली की दोन-तीन दिवसांनी. मुरमाड उंचवटा आणि काळ्या मातीचा सखल भाग एकाच वेळी पिकत नाहीत, त्यांची नोंद वेगळी ठेवा; गरज पडली तर तोडणीही वेगळी करा.

नुसत्या ब्रिक्सवर तारीख ठरवू नका. साधारण 20 ते 23 ब्रिक्स आणि 3.1 ते 3.4 पीएच (आम्लतेचे माप; आकडा चढला की आम्लता उतरली) या टप्प्यात रोज मणी चावून बघा. बी तपकिरी झाली का, सालीचा हिरवट तुरटपणा गेला का? मला विचाराल तर ताज्या, चुरचुरीत वाइनसाठी एखादा ब्रिक्स कमी चालेल, पण आम्लता हातची जाऊ देऊ नये.

गंधकाची फवारणी तोडणीच्या किमान चार आठवडे आधी बंद करा. अंश राहिला तर रस आंबताना सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. इतर औषधांसाठी लेबलवरचा काढणीपूर्व कालावधी, म्हणजे शेवटची फवारणी आणि तोडणी यांत ठेवायचे दिवस, पाळा.

तोडणी रात्री किंवा पहाटे. कुजके घड बागेतच वेगळे काढा, त्यांच्यामुळे रस तपकिरी पडतो. उथळ क्रेट वापरा, दाबून भरू नका आणि ऊन चढण्याआधी माल रस काढायच्या प्रेसपर्यंत पोहोचवा.