प्लगइनवरची ‘८० टक्के सूट’ बघून लगेच कार्ड काढू नका

संगीत बनवण्याच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम म्हणजे प्लगइन. त्यांच्या विक्रीच्या पानावर खोडलेली मोठी किंमत दिसते ना, तिच्याकडे आधी दुर्लक्ष करा. वेव्ह्जसारख्या कंपन्यांचे कितीतरी प्लगइन वर्षभर कुठल्या ना कुठल्या सेलमध्येच असतात, त्यामुळे सेलमधला भाव हाच त्यांचा खरा भाव समजायचा. उलट व्हॅल्हाला डीएसपी सेल लावतच नाही. त्यांचा व्हिंटेजव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा प्लगइन) ५० डॉलरला मिळतो, तिथे वाट बघण्यात अर्थ नाही. मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते.

फॅबफिल्टर ही कंपनी या दोन्हींच्या मधल्या गटातली. त्यांची सूट क्वचित येते, बहुधा नोव्हेंबरच्या शेवटी ब्लॅक फ्रायडेला. घाई नसेल तर तोवर थांबा. ३० दिवसांचा ट्रायल मिळतोच. तो स्वतःच्या अर्धवट राहिलेल्या गाण्यावर लावून बघा, कंपनीच्या डेमोवर नको.

पैसे भरण्याआधी तोच प्लगइन कंपनीच्या साइटवर आणि प्लगइन बुटीकसारख्या दुकानात, दोन्हीकडे कार्टमध्ये टाकून शेवटच्या पायरीपर्यंत जा. कर बरेचदा तिथेच जोडला जातो आणि कूपनही तिथेच लागतं. जुनी आवृत्ती तुमच्याकडे असेल तर खात्यात लॉगिन करूनच भाव बघा, कारण अपग्रेडचा दर बरेचदा बाहेरून दिसत नाही.

बंडल, म्हणजे अनेक प्लगइनचा एकत्र संच, घेताना त्यातले खरोखर वापराल तेवढेच प्लगइन मोजा आणि एकूण किमतीला त्या आकड्याने भागा. चाळीसपैकी तीनच कामाचे निघाले, तर ते तीन सुटे घेणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं.